सागाच्या पाटात पितळेची पट्टी

वैशाखात बैलगाडीचे लाकडी चाक सुकते, पुठे आकसतात आणि वर चढवलेली लोखंडी धाव सैल पडून खडखडू लागते. मग गाडीवान चाक काढून ओढ्याच्या पाण्यात भिजत घालतो. लाकूड फुगते, धाव पुन्हा घट्ट बसते. जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या गाडीवानांना आणि सुतारांना यात नवीन काही नाही. लोखंड होते तेवढेच राहिले, हलले ते लाकूड. लाकडात पितळेची पट्टी बसवायला निघालेल्याने हत्याराला हात लावण्याआधी एवढे मनात पक्के करावे. कारण पट्टी उखडते, वाकते, टोकाशी वर येऊन साडीत-धोतरात अडकते, त्यामागे बहुतेक वेळा हात कच्चा असणे हे कारण नसते. लाकडाच्या हालचालीला जागा ठेवलेली नसते.

हा लेख एका साध्या वस्तूसाठी आहे: सागाचा जेवणाचा किंवा पूजेचा पाट आणि त्याच्या कडेने पितळेची किनार. चार कोपऱ्यांत पितळी फुल्या असलेले जुने पाट आपल्याकडे अनेक घरांत आहेत. त्यावर चौरंग, देव्हाऱ्याची चौकट, दागिन्यांची पेटी हे सगळे पुढे जमते. विजेचे एकही यंत्र लागत नाही. धारदार पटाशी, कानस, हॅक्सॉचे पाते, हातोडी, दोन सी-क्लॅम्प आणि घाई नसलेली एक दुपार, एवढ्यावर बहुतेक काम होते.

या कामाची मोठी परंपरा उत्तर प्रदेशात मैनपुरीला आहे. तिथली तारकशी म्हणजे शिसमाच्या लाकडात पितळेची चपटी केलेली बारीक तार उभी ठोकून काढलेली नक्षी. पूर्वी ती खडावांवर फार होत असे, कारण चामडे सोवळ्यात चालत नसे. मैनपुरीच्या कारागिराकडून घ्यायचे ते एवढेच की पट्टी पातळ ठेवायची, ती उभी बसवायची आणि लाकडाने तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचे. याच्या उलट उदाहरण फ्रान्सचे आहे. आंद्रे-शार्ल बूल हा चौदाव्या लुईचा सुतार. त्याने पितळेचा पत्रा आणि कासवाची पाठ यांची अतिशय देखणी जडणघडण केली. ती सरसाने लाकडावर चिकटवलेली होती. त्या धाटणीच्या जुन्या कपाटांवरचे पितळ हवेच्या ओल-कोरडेपणाने सुटून वर येते आणि संग्रहालयांतल्या जतनकारांना ते पुन्हा पुन्हा बसवावे लागते. इतक्या मोठ्या कारागिराचा सरस जिथे हरला, तिथे आपण डिंकावर भिस्त ठेवू नये. चिकटवा जरूर, पण पट्टी धरली जावी ती खाचेने आणि चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी.

आता थोडे आकडे, कारण पुढचा सगळा आराखडा त्यांवर उभा आहे. लाकूड लांबीत, म्हणजे धाग्याच्या दिशेने, जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र हलते. सपाट चिरलेल्या सागाच्या फूटभर रुंद फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे 3 मिमीने, म्हणजे जवळपास एक सूत, रुंद होते. ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीकडे अशी चिरलेली फळी असेल तर ही वाढ साधारण निम्मी असते. तेवढीच लांब पितळेची पट्टी तापमान 25 अंशांनी वाढले तरी 0.15 मिमीपेक्षा जास्त वाढत नाही, आणि ओलाव्याचा तिच्यावर काहीच परिणाम नाही. एकीकडे तीन मिलिमीटर, दुसरीकडे एक केसभर. धाग्याच्या दिशेने बसवलेली पट्टी म्हणूनच निर्धास्त राहते, आणि धाग्याला आडवी बसवलेली सलग लांब पट्टी कधी ना कधी त्रास देते.

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत ही गोष्ट अधिकच जाणवते. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या बाजूला आषाढ-श्रावणात घरातली भिंतही ओली असते. पूर्वेला लोणी-धामणी किंवा आण्याच्या पठारावर पाऊस कमी आणि हवा कोरडी. वर डोंगरात भर पावसात केलेला पाट खाली बेल्ह्याला लेकीच्या घरी गेला, तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याची आडवी पट्टी टोकाशी उठणार. यावर दोन उपाय आहेत. काम दिवाळी ते माघ या दिवसांत करावे, तेव्हा लाकूड ना फुगलेले ना पार सुकलेले असते. आणि पाट ज्या घरात राहणार त्या घरात फळी आधी महिनाभर ठेवावी, भिंतीला टेकवून नव्हे, तर खाली-वर हवा खेळेल अशी दोन पट्ट्यांवर आडवी.

लाकूड कोणते? सुरुवातीला सागच. तो मऊ-कठीण बेताचा असतो, कमी हलतो, पटाशीला बरा. मात्र सागात वाळूसारखा एक कठीण अंश असतो, त्याने धार लवकर जाते. शेजारी तेलाचा दगड हवाच. शिसवात पितळ सर्वांत उठून दिसते, पण खाच काढायला वेळ लागतो. बाभूळ औते-गाड्यांसाठी उत्तम; बारीक पट्टीच्या कामात ती नवशिक्याने टाळलेली बरी. वाडे उतरवले जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया आणि कडीपाटाचा जुना साग मिळाला तर सोडू नका. तो कित्येक पावसाळे बघून बसलेला असतो. फक्त त्यात जुने खिळे मोडून राहिलेले असतात. रंधा मारण्यापूर्वी चांगले लोहचुंबक पूर्ण फळीवरून फिरवा, नाहीतर रंध्याचे पाते जाईल. नवा माल वखारीतून पावतीनेच घ्यावा. स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. भीमाशंकर अभयारण्यातल्या झाडाकडे तर बघूही नये.

इथे हिरड्याची आठवण येते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करण्यावर अनेक घरांचा वर्षाचा खर्च चालतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई करत. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाशी जुळला की काळा होतो. तोच तुरटपणा बाभळीत भरपूर असतो आणि सागातही आहे. म्हणून पाटात लोखंडी चुका मारू नका आणि लाकडावर लोखंडी काथ्या, म्हणजे स्टील वूल, घासू नका. त्याचे बारीक कण धाग्यांत अडकतात आणि पहिल्या ओल्या फडक्याबरोबर काळे ठिपके उमटतात. ते घासून जात नाहीत. चुका पितळीच हव्यात.

पितळ पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पत्रा, पट्टी, तार अशा सगळ्या रूपांत वजनावर मिळते. किती घ्यायचे याचा अंदाज सोपा आहे: 6 मिमी रुंद आणि 2 मिमी जाड पट्टी मीटरभर घेतली तर वजन साधारण 100 ग्रॅम भरते. दीड फूट लांब आणि सव्वा फूट रुंद पाटाला चारी बाजूंनी किनार धरली तरी दोन मीटरच्या आत काम होते. जुन्या मोडीच्या भांड्यांचा पत्रा वापरता येतो, पण त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि खाच मात्र सारखीच असते, तेव्हा पहिल्या कामाला नवा पत्रा घ्या. पितळेच्या काही जातींत, विशेषतः कातकामाच्या गजांत, शिसे असते. काम झाल्यावर कीस झाडून गोळा करावा, हात साबणाने धुवावेत, आणि पोळपाटावर ही किनार बसवू नये. त्यावर रोजची कणिक मळली-लाटली जाते.

दुकानातली पट्टी कडक असते. ती मऊ करायची असेल तर अंधाऱ्या जागी गॅसच्या बर्नरवर धरा. मंद लाल झाक आली की लगेच बाजूला करा. त्यापुढे तापवली तर पितळ वितळून हातचे जाते. लाल झाक दिसायला अंधार लागतो, उन्हात ती कळत नाही. मऊ केलेली पट्टी सरळ करण्याची युक्ती अशी: एक टोक शिकंज्यात पकडा, दुसरे पकडीत धरून एकदाच जोरात ताणा. कातरीने कापताना आलेला सगळा पीळ एका झटक्यात निघतो. हातोडीने ठोकत बसलात तर तो तासाभरातही निघत नाही.

आता मुख्य काम. पट्टी बसवायच्या दोन रीती आहेत, उभी आणि चपटी. नवशिक्याने उभीपासून सुरू करावे असे माझे ठाम मत आहे. उभी पट्टी वरून बघताना फक्त मिलिमीटरभर जाडीची सोनेरी रेघ दिसते. पाटाला ती पुष्कळ होते, आणि तिच्यातली लहान चूक डोळ्यात येत नाही.

उभ्या पट्टीसाठी 20 गेजचा पत्रा घ्या. तो सुमारे 0.9 मिमी जाड असतो, आणि बारीक दातांच्या हॅक्सॉच्या पात्याने पडणारी चीर साधारण 1 मिमीची असते. पात्यागणिक चीर थोडी बदलते. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चीर पाडून पट्टी घालून बघा. बोटाने दाबून आत जाईल तर ती सैल आहे, हातोडीच्या हलक्या ठोक्याने जायला हवी. पत्र्यातून एक सूत, म्हणजे 3 मिमी रुंद पट्ट्या कापून घ्या.

चीर सरळ आणि सारख्या खोलीची पडावी म्हणून एक हत्यार घरीच करा. हॅक्सॉच्या जुन्या पात्याचा तीनेक इंचाचा तुकडा घ्या. मोडताना तो जाड कापडात गुंडाळा, कारण त्याचे तुकडे डोळ्यांपर्यंत उडतात. हातात मावेल एवढ्या ठोकळ्याच्या बाजूला हा तुकडा आणि त्यावर एक पातळ चीप ठेवून दोन स्क्रूंनी आवळा. दात ठोकळ्याच्या तळापासून अडीच मिलिमीटर बाहेर राहू द्या. एवढ्याने खोलीची काळजी मिटली: चीर अडीच मिलिमीटर झाली की ठोकळा लाकडाला टेकतो आणि पाते आपोआप थांबते. पट्टी 3 मिमी, चीर अडीच, म्हणजे अर्धा मिलिमीटर पितळ वर राहील. ते नंतर कानशीने काढायचे.

आखणी पेन्सिलीने करू नका. पेन्सिलीची रेघ स्वतःच अर्धा मिलिमीटर जाड असते. पाटाच्या कडेपासून इंचभर आत, पोलादी पट्टीला लावून धारदार चाकूने रेघ ओढा. पहिली रेघ हलकी, दुसरी थोडी दाबून. पहिल्याच फटक्यात जोर लावला की चाकू धाग्याबरोबर भलतीकडे पळतो. या रेघेला लागून एक सरळ कांब दोन क्लॅम्पनी पक्की बसवा आणि ठोकळा तिला चिकटवून चालवा. सुरुवात लांबच्या टोकाकडून, आखूड हाताने. चीर धरली की मग लांब हात. भुसा साचला तर चीर रुंद होते, म्हणून मधूनमधून जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढत राहा.

पट्टी बसवण्याआधी तिच्या दोन्ही अंगांवर खरखरीत कानशीने तिरके ओरखडे काढा, म्हणजे लाकूड तिला धरते. खालची कड किंचित गोल करा, म्हणजे शिरताना चिरेची कड फाटत नाही. फेविकॉल लाकडात मुरून धरतो. पितळेत त्याला मुरायला जागा नाही, तेव्हा तो इथे कुचकामी. दोन नळ्यांतला एपॉक्सी चालतो, पण पितळ आणि साग दोन्ही आधी स्पिरिटने पुसा. सागात स्वतःचे तेल असते, ते राहिले तर एपॉक्सीही सुटतो. चिरेत एपॉक्सीची अगदी पातळ रेघ टाका, पट्टी उभी ठेवा, वर लाकडी तुकडा धरून हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू उतरवत जा. एक टोक पूर्ण खाली आणि दुसरे वर अशी घाई केली तर पट्टी मध्येच लवते. लवलेली पट्टी पुन्हा सरळ करून घालू नका, नवी कापा.

चपटी पट्टी आणि कोपऱ्यातली फुली यांना पटाशी लागते. फुलीचे चित्र कागदावर काढून कागद दोन मिलिमीटर पत्र्यावर चिकटवा आणि सोनारकामाच्या बारीक करवतीने कापा. पात्याचे दात खाली, हातोटी सावकाश. कडा कानशीने घासताना वरची बाजू किंचित रुंद आणि खालची किंचित अरुंद राहू द्या. मग फुली जागेवर ठेवून चाकूने तिच्याभोवती रेघ ओढा. मापपट्टीने मोजून खाच काढण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण तुकडा जसा आहे तशीच खाच पडते, तुकड्यातले वाकडेपणही खाचेत उतरते. फुली आणि खाच यांवर जुळणारी एक खूण करून ठेवा. फिरवून घातलेली फुली बसत नाही. आतले लाकूड 3 मिमीच्या पटाशीने काढा, चाकूच्या रेघेपासून थोडे आत राहून, आणि शेवटी पटाशी रेघेत उभी धरून कड साफ करा. तळ सपाट करण्यासाठी एका ठोकळ्यात तिरके भोक पाडून पटाशी पाचरीने बसवली की हवी तेवढी खोली मिळते. खोली पितळेच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवा. खोल गेलेली खाच भरून काढता येत नाही.

फुलीला दोन चुका पुरतात. दीड मिलिमीटर पितळी तारेचे तुकडे घ्या. फुलीत भोक पाडून त्याचे तोंड वरून थोडे रुंद करा, लाकडात भोक तारेपेक्षा जरा बारीक ठेवा, तार ठोकून बसवा आणि वर राहिलेला शेंडा हातोडीच्या गोल बाजूने पसरवून त्या तोंडात भरा. कानस फिरली की चूक कुठे आहे हे दिसतसुद्धा नाही, कारण दोन्ही एकाच धातूचे आहेत.

राहिल्या त्या आडव्या बाजू. पाटाच्या लांब कडांना पट्टी धाग्याच्या दिशेने जाते, तिथे काही प्रश्न नाही. रुंदीच्या बाजूला सलग पट्टी घालू नका. सव्वा फुटाचे पाच तुकडे करा, प्रत्येक साधारण तीन इंच, आणि दोन तुकड्यांमध्ये दीड ते दोन मिलिमीटरची फट ठेवा. प्रत्येक तुकड्याला एपॉक्सी फक्त मधल्या इंचभर लावा. लाकूड फुगले-आकसले तरी तुकडा मधल्या जागी धरलेला राहतो आणि टोके मोकळी राहतात. फटीत थोडे मधमाशांचे मेण भरले तर घाण साचत नाही. मला विचाराल तर पाटाला आडवी किनार मुळात नकोच: लांबीच्या दोन रेघा आणि चार कोपऱ्यांत चार फुल्या, एवढ्यात पाट देखणा होतो आणि टिकतो. चारी बाजूंनी सलग पितळ असलेले पाट बाजारात चकचकीत दिसतात, पण दोन पावसाळ्यांनंतर त्यांचे कोपरे बघावेत.

एपॉक्सी एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग वर राहिलेले पितळ आधी कानशीने उतरवा, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, लाकडाला कानस लागण्याच्या बेतात थांबा. आता पॉलिश पेपर. पण त्याआधी सगळ्या पाटावर चपडा लाखेच्या स्पिरिट पॉलिशचा एक हात द्या. हे अनेकजण गाळतात आणि पस्तावतात: पितळेचा कीस उघड्या लाकडाच्या धाग्यांत बसतो आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना मळकट हिरवट काळपट पट्टा उमटतो. लाखेने भोके बंद झालेली असली की कीस वरवर राहतो आणि झटकला जातो. पेपर नेहमी सपाट ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासला तर मऊ लाकूड लवकर झिजते, पितळ मागे राहते आणि हाताला उंचवटा लागतो. 120 नंबरपासून 220 आणि 400 पर्यंत जा. त्यानंतर पुन्हा लाखेचे दोन-तीन पातळ हात, किंवा जवसाचे तेल. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

घरी पाट कसा स्वच्छ करायचा, हे पाटाबरोबर सांगून द्यावे. देवाची भांडी चिंच किंवा पितांबरीने घासायची सवय हाताला असते. पाटावरचे पितळ तसे घासले तर चिंचेचा आंबटपणा लाकडात मुरतो, पट्टीच्या कडेला हिरवा थर धरतो आणि पावडर धाग्यांत पांढरी अडकून बसते. कोरडे मऊ फडके पुरते. पितळ काळवंडलेच तर कापसाच्या बोळ्यावर ब्रासोचा एक थेंब घेऊन फक्त पट्टीवरून फिरवा, लगेच पुसा आणि वर लाखेचा एक हात द्या.

पहिल्या पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास, आणि पुन्हा पुढच्या चैत्रात, पाट उजेडात तिरका धरून प्रत्येक पट्टीच्या टोकावरून नख फिरवा. नख अडले तर टोक वर आले आहे. ते ठोकून खाली घालू नका, कारण आत जागा नाही. बारीक कानशीने टोकाचा अर्धा मिलिमीटर कमी करा, चाकूच्या टोकाने खालचा भुसा साफ करा, आणि मग लाकडी तुकडा ठेवून हलकेच दाबा.